शेवटची तीस सेकंदं

जवळ कागद-पेन्सिल असेल तर घ्या. आकडे सहा : १००, ७५, ५०, २५, ६ आणि ३. बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार, हवं ते करा. प्रत्येक आकडा एकदाच वापरायचा. एखादा शिल्लक राहिला तरी हरकत नाही, भागाकार मात्र निःशेष झाला पाहिजे. उत्तर आणायचं आहे ९५२. वेळ अर्धा मिनिट.

हे गणित १९९७ साली इंग्लंडातल्या लीड्स शहरात, एका टीव्ही स्टुडिओत पडलं. हिशेबाचा हात बसलेला माणूस साधारण असा जातो : सहा नि तीन नऊ, नऊ शेकडे नऊशे, वर पन्नास, झाले साडेनऊशे. उरले ७५ आणि २५. पंचाहत्तराला पंचविसाने भागलं की तीन. ९५३. एकाने हुकलं. तोवर घड्याळ संपत आलेलं असतं आणि बहुतेक जण इथेच पेन्सिल खाली ठेवतात, कारण एकाने हुकलेल्या उत्तरालाही सात गुण आहेत. अचूक उत्तराला दहा. चुरशीच्या सामन्यात हे मधले तीन गुणच महागात पडतात. त्या दिवशी जेम्स मार्टिन नावाच्या स्पर्धकाने आपलं उत्तर ९५२ आल्याचं सांगितलं. तो तिथे कसा पोचला ते पुढे येईल. आधी हा खेळ लीड्सला कसा पोचला ते सांगतो, कारण तो वळसा घेऊन आला.

खेळ मुळात फ्रेंच. आर्मां जामो या निर्मात्याने १९६५ मध्ये फ्रेंच दूरचित्रवाणीवर एक कार्यक्रम सुरू केला. त्याच्या नावाचा अर्थ होता ‘सर्वांत लांब शब्द’. पुढ्यात आलेल्या विस्कळीत अक्षरांतून जास्तीत जास्त लांबीचा शब्द जुळवायचा, एवढीच कल्पना. १९७२ मध्ये तिला आकड्यांची जोड मिळाली आणि नाव झालं ‘दे शिफ्र ए दे लेत्र’, आकडे आणि अक्षरं. ही जोडणीच माझ्या मते जामोचं खरं कर्तृत्व. नुसत्या शब्दांचा खेळ भाषेच्या अभ्यासकांचा झाला असता, नुसत्या आकड्यांचा गणितवाल्यांचा. दोन्ही एका टेबलावर आणल्यामुळे कोणीच पूर्ण घरच्या मैदानावर राहिला नाही. कोश पाठ असलेला माणूस गुणाकारात अडखळू लागला आणि गणिताचा पदवीधर सात अक्षरी शब्दापुढे थांबू लागला. फ्रान्समध्ये आकड्यांचं उत्तर अचूक आलं की ‘हिशेब जुळला’ अशा अर्थाचे ठरावीक शब्द उच्चारले जायचे, आणि ते तिथल्या घराघरांत बोलीत रुळले. २०२४ मध्ये तो कार्यक्रम थांबला तेव्हा त्याने अर्धशतक केव्हाच ओलांडलं होतं.

बेल्जियममध्ये जन्मलेले मार्सेल स्टेलमन लंडनमध्ये ग्रामोफोन रेकॉर्डच्या धंद्यात होते. त्यांनी हा कार्यक्रम पाहिला आणि इंग्रजीत तो चालेल असं त्यांच्या मनाने घेतलं. लीड्सच्या यॉर्कशर टेलिव्हिजनने त्यांचं म्हणणं मान्य केलं. १९८२ च्या वसंतात त्या कंपनीने फक्त आपल्या प्रांतापुरते आठ भाग दाखवून पाहिले. ‘कॅलेंडर’ हा तिथला प्रादेशिक बातम्यांचा कार्यक्रम, म्हणून या चाचणीचं नाव ‘कॅलेंडर काउंटडाउन’. सूत्रसंचालकही ‘कॅलेंडर’चाच निवडला : रिचर्ड व्हाइटली.

त्या वर्षापर्यंत ब्रिटनमध्ये वाहिन्या तीनच होत्या, बीबीसीच्या दोन आणि एक आयटीव्ही. चौथी सुरू होणार होती. इतर वाहिन्या जे दाखवत नाहीत ते दाखवायचं, नवे प्रयोग करायचे, हे काम तिला नेमून दिलेलं होतं आणि तिचे पहिले प्रमुख जेरेमी आयझॅक्स त्याबाबत गंभीर होते. पहिल्याच रात्री या ‘चॅनल फोर’ने ‘वॉल्टर’ हा मतिमंद माणसाच्या आयुष्यावरचा अस्वस्थ करणारा चित्रपट दाखवला. अशा वाहिनीचा पहिला कार्यक्रम कोणता असावा? २ नोव्हेंबर १९८२, दुपारचे पावणेपाच. पडद्यावर आले ते दोन माणसं, दोन पेन्सिली, अक्षरांच्या पाट्या आणि एक मोठं घड्याळ. ‘काउंटडाउन’ म्हणजे उलटी गणती. नव्या वाहिनीची उलटी गणती संपते तिथे ही सुरू होते, असं काहीसं बोलून व्हाइटलींनी पडदा उघडला. आपल्याकडे त्याच महिन्यात दिल्लीत एशियाड भरत होतं आणि ज्यांच्या घरी रंगीत संच आला होता त्यांच्या दिवाणखान्यात शेजारपाजार जमत होता. दूरचित्रवाणीचं नवेपण अजून दोन्ही देशांत शिल्लक होतं.

व्हाइटली हे यॉर्कशरचेच, ब्रॅडफर्डमध्ये जन्मलेले, केंब्रिजला शिकलेले. संध्याकाळी बातम्याही तेच द्यायचे आणि त्याआधी हा खेळही तेच चालवायचे, त्यामुळे दिवसातून दोनदा घरात येणारा माणूस म्हणून लोक त्यांना ओळखू लागले. भडक कोट, त्याहून भडक टाय आणि शब्दांवरच्या फसलेल्या कोट्या हे त्यांचं भांडवल. पण स्पर्धकावर रोख ठेवून ते कधी बोलले नाहीत. समोर बसलेला माणूस शाळेत शिकवणारा असो, बस चालवणारा असो की निवृत्त कारकून, त्याच्या गावाविषयी ते आपुलकीने विचारायचे. या खेळाचा स्वभाव घडला तो त्या विचारपुशीतून.

आकडे तपासायला जी मुलगी बसली तिची हकिगत ब्रिटनमध्ये सगळ्यांना ठाऊक आहे, तरी सांगण्यासारखी आहे. हिशेबात तरबेज असलेली स्त्री हवी अशी जाहिरात वर्तमानपत्रात आली. ती एका आईने वाचली. लेक एकवीस वर्षांची, केंब्रिजमधून अभियांत्रिकीची पदवी घेतलेली, तीही तिसऱ्या वर्गात. आईने लेकीच्या नावाने अर्ज लिहिला, खाली लेकीची सहीसुद्धा स्वतःच ठोकली आणि पाठवून दिला. लेकीचं नाव कॅरोल व्हॉर्डरमन. पुढची सव्वीस वर्षं ती त्या फळ्यापाशी उभी राहिली. सुरुवातीला तिचं काम फक्त आकड्यांपुरतं होतं, अक्षरं लावायला वेगळी बाई होती. हळूहळू दोन्ही तिच्याकडे आलं. स्पर्धकांना उत्तर सापडलं नाही की ती काळ्या मार्करने दोन ओळींत ते मांडून दाखवायची. गणित येणारी बाई रोज दुपारी, कसलाही गाजावाजा न करता, लाखो घरांत दिसत होती. तिसऱ्या वर्गाच्या पदवीने जे केलं नाही ते त्या फळ्याने केलं.

आता खेळाची रचना. अक्षरांच्या फेरीत स्पर्धक ‘स्वर’ किंवा ‘व्यंजन’ एवढंच म्हणतो. पालथ्या पाट्यांच्या दोन गठ्ठ्यांतून एकेक पाटी निघते आणि नऊ झाल्या की घड्याळ सुरू होतं. जितक्या अक्षरांचा शब्द तितके गुण, नऊच्या नऊ वापरली तर दुप्पट, अठरा. शब्द खरा की खोटा हे ठरवायला शेजारच्या कोपऱ्यात ऑक्सफर्डचा कोश घेऊन कोशकार बसलेले. १९९२ पासून ही जागा बव्हंशी सूझी डेंट यांची आहे. आकड्यांच्या फेरीत २५, ५०, ७५, १०० हे चार मोठे, आणि एक ते दहा हे लहान, प्रत्येकी दोनदा. त्यांतून सहा पाट्या निवडायच्या. गाठायचा तीन अंकी आकडा एक यंत्र ठरवतं. त्या यंत्राचं नाव ‘सेसिल’, म्हणजे लीड्समधलं काउंटडाउनचं विजेवर चालणारं गणकयंत्र, या शब्दांची आद्याक्षरं.

मराठीत हा खेळ अक्षरांच्या बाजूने असाच्या असा बसत नाही, याची मला खंत वाटत आली आहे. आपला स्वर व्यंजनाच्या अंगाखांद्यावर बसतो. ‘कि’मधली वेलांटी वेगळी पाटी म्हणून गठ्ठ्यातून काढायची कशी, आणि ‘क्ष’ एक धरायचा की दोन? आकड्यांची फेरी मात्र उद्या सकाळी कोणत्याही मराठी शाळेत घेता येईल.

गुणांची मांडणी पाहिली की चुरस कुठून येते ते कळतं. दोघांचे शब्द सारख्या लांबीचे निघाले तर गुण दोघांनाही. एकाचा लांब निघाला तर त्याला सगळे, दुसऱ्याला शून्य. म्हणजे सात अक्षरी शब्दापुढे आठ अक्षरी आला की एका अक्षराच्या फरकाने आठ गुण जातात. ज्याने अक्षरं मागितली त्याने आपली लांबी आधी सांगायची. दुसऱ्याला ती ऐकू येते. तो पिछाडीवर असेल आणि त्याच्या कागदावर एक खात्रीचा सात अक्षरी आणि एक शंकास्पद आठ अक्षरी शब्द असेल, तर त्या क्षणी त्याला ठरवायचं असतं : सात म्हणून बरोबरीत राहू, की आठ म्हणून कोशाच्या हवाली होऊ? शब्द कोशात नसला तर शून्य. बुद्धिबळातला बळी देण्याचा निर्णय याहून वेगळा नसतो. फक्त तिथे विचाराला वेळ असतो.

आणि मग शेवटची फेरी. ‘कनंड्रम’, कूटकोडं. नऊ अक्षरं उलटसुलट लावून समोर येतात. त्यांतून नऊ अक्षरी एकच शब्द निघतो. तो ओळखायचा, बझर दाबायचा, दहा गुण घ्यायचे. उत्तर एकच असलं पाहिजे हे पाहणं कोडं रचणाऱ्याचं काम. इंग्रजीत घोडागाडीच्या घोड्याला ‘कार्टहॉर्स’ म्हणतात आणि त्याचीच नऊ अक्षरं फिरवली की ‘ऑर्केस्ट्रा’ होतो, त्यामुळे ही सुंदर जोडी इथे निरुपयोगी. बझर दाबून चुकलात की तुमची फेरी संपली, उरलेली सेकंदं सगळी समोरच्याची.

या फेरीच्या आधी दोघांत दहा किंवा त्याहून कमी गुणांचं अंतर असेल तर स्टुडिओतले दिवे मंद होतात. सूत्रसंचालक कोडं निर्णायक असल्याचं सांगतो. हिशेब सरळ आहे. समजा एकाचे ५२, दुसऱ्याचे ४४. आठचं अंतर. तासाभराच्या घासाघाशीतून जमवलेली ही आघाडी एका शब्दाने पुसली जाते. बरोबर दहाचं अंतर असेल तर मागच्याने कोडं सोडवल्यावर बरोबरी होते आणि नवं कोडं टाकलं जातं, निकाल लागेपर्यंत. आघाडीवरच्याची कोंडी जास्त वाईट. त्याला काही न करताही जिंकता येतं, समोरच्याला शब्द सुचला नाही एवढंच पुरे. पण गप्प बसून वाट पाहणं हे तीस सेकंदांत कोणालाच जमत नाही. घाईत बझर दाबला, शब्द चुकला, आणि प्रतिस्पर्ध्याला निवांत वीस सेकंदं आंदण दिली, अशी पाळी भल्याभल्यांवर येते.

ती तीस सेकंदं मोजणारं संगीत अ‍ॅलन हॉकशॉ यांचं. घड्याळाची तबकडी पूर्ण, पण काटा फिरतो तो अर्ध्याच भागात, वरून निघून खालच्या टोकापर्यंत. शेवटच्या ठोक्याला जो छोटा नाद होतो तो ब्रिटनमध्ये कुठेही तोंडाने काढला की समोरच्याला कळतं, वेळ संपली.

पहिल्या मालिकेतला पहिला सामना जिंकला मायकेल गोल्डमनने. तो अंतिम फेरीपर्यंत गेला आणि तिथे जॉइस कॅन्सफील्ड यांच्याकडून हरला. कॅन्सफील्ड शब्दकोडी रचायच्या आणि १९८० मध्ये त्या स्क्रॅबलच्या राष्ट्रीय विजेत्या झाल्या होत्या. तेव्हापासून या खेळाला एक वस्ती मिळाली : कोडी रचणारे, स्क्रॅबल खेळणारे, कोश वाचणारे, आणि रोजच्या प्रवासात गाड्यांच्या नंबरांवर गणितं करणारे लोक. बक्षीस म्हणून पैसे नव्हतेच. १९९८ पासून विजेत्याला चहाची किटली मिळू लागली, आणि मालिका जिंकणाऱ्याला पुढे कितीतरी वर्षं चामडी बांधणीचा वीस खंडांचा ऑक्सफर्ड कोश. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ‘हू वाँट्स टू बी अ मिलियनेर’ सुरू झालं. आपल्या घरात आला तो हा दुसरा खेळ. २००० मध्ये ‘कौन बनेगा करोडपती’ सुरू झालं आणि त्याच वर्षी मुंबईच्या हर्षवर्धन नवाथे यांनी पहिला करोड जिंकला, तेव्हाचा आनंद मला आठवतो. पण चार पर्यायांतून उत्तर निवडणं वेगळं आणि कोऱ्या कागदावर ते घडवणं वेगळं. किटली देणाऱ्या खेळाला आपल्याकडे कोणी आणलं नाही, याचं मला वाईट वाटतं.

आता ९५२ कडे वळतो. मार्टिनने सुरुवात केली शंभर अधिक सहाने. १०६. गुणिले तीन, ३१८. इथवर सगळं नेहमीचं. मग तो म्हणाला, गुणिले ७५. तीन अंकी उत्तर हवं असताना माणूस पाच अंकी आकड्याकडे निघाला होता. प्रेक्षकांतून हसू फुटलं. त्याने आकडाही सांगितला : २३,८५०. त्यातून ५० वजा, २३,८००. भागिले २५. व्हॉर्डरमन फळ्यावर लिहीत गेली आणि खाली ९५२ उतरले.

यातली खुबी थांबून पाहण्यासारखी आहे. ३१८ ची तिप्पट ९५४, म्हणजे हव्या त्या आकड्याहून दोन जास्त. पण आधीचा ३ वापरून झालेला. नवा तीन मिळतो ७५ ला २५ ने भागून, आणि घालवायचा दोन मिळतो ५० ला २५ ने भागून. अडचण अशी, की पंचविसाची पाटी एकच आहे. दोनदा भागता येत नाही. मग दोन्ही भागाकार शेवटपर्यंत लांबवायचे, आधी ७५ ने गुणून घ्यायचं, ५० वजा करायचे आणि सगळ्याला मिळून एकदाच २५ ने भागायचं. एका पंचविसाने दोघांचं काम केलं. हे कागदावर सावकाश करणं आणि घड्याळ चालू असताना करणं यात मोठं अंतर आहे.

३१८ गुणिले ७५ तोंडी करणं पाहून ब्रिटिश प्रेक्षक थक्क झाले. आपल्याकडे पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी घोकलेली एक पिढी होऊन गेली. तिला हे कोडं वाटलं नसतं. तीनशेंचे पाऊणपट सव्वादोनशे, अठरांचे साडेतेरा, मिळून २३८॥. त्याचे शेकडे केले की २३,८५०. पाऊणकीचा पाढा आपण शाळेतून काढून टाकला तेव्हा त्याबरोबर नेमकं काय गेलं, ते मला त्या चित्रफितीत दिसतं. मार्टिनची ती काही सेकंदं इंटरनेटवर आजही फिरतात.

२००१ मध्ये कार्यक्रम लांबला, नऊ फेऱ्यांच्या जागी पंधरा आल्या. आघाडी घ्यायला जास्त जागा मिळाली, तशी ती गमवायलाही. पुढच्याच वर्षी ज्युलियन फेल या खेळाडूने एका सामन्यात १४६ गुण मिळवले.

२००५ च्या उन्हाळ्यात व्हाइटली आजारी पडले आणि २६ जूनला, रविवारी, गेले. सोमवारी ठरलेला भाग दाखवला नाही. त्या जागी व्हॉर्डरमनने त्यांना निरोप दिला. पण मालिकेची अखेरची फेरी आधीच चित्रित झालेली होती, आणि त्या आठवड्यात ती दाखवली गेली. १ जुलैच्या अंतिम सामन्यात व्हाइटली त्यांच्या खुर्चीत बसून, त्याच टायमध्ये, दोन खेळाडूंना शब्द विचारत होते. घरोघरी लोकांनी तो सामना पाहिला. गुण मोजले, कोडं सोडवायचा प्रयत्न केला. याहून योग्य श्रद्धांजली कोणती असती मला सुचत नाही.

त्यानंतर खुर्चीत बरेच जण बसले. २००८ च्या अखेरीस व्हॉर्डरमन बाहेर पडली आणि ऑक्सफर्डला गणित शिकलेली रेचल रायली तिच्या जागी आली. स्टुडिओ लीड्सहून मँचेस्टरला आणि मग सॅलफर्डला हलला. २००६ मध्ये कॉनर ट्रॅव्हर्स हा चौदा वर्षांचा मुलगा मालिकेचा विजेता झाला होता. इतक्या लहान वयात ते कोणाला जमलेलं नव्हतं. २०१३ मध्ये तिसाव्या वाढदिवसानिमित्त जुन्या ४१ खेळाडूंना पुन्हा बोलावलं तेव्हा हाच ट्रॅव्हर्स, आता तरुण, अंतिम फेरीत जॅक हर्स्ट या दुसऱ्या मालिका-विजेत्यासमोर बसला आणि जिंकला.

अशा दोघांच्या सामन्यात बऱ्याच फेऱ्यांना एकच दृश्य दिसतं. पहिला म्हणतो, ‘आठ.’ दुसरा म्हणतो, ‘आठ.’ पहिला आपला शब्द वाचतो. दुसरा म्हणतो, ‘माझाही तोच.’ आणि आपला कागद उचलून पंचाकडे नव्हे, सूत्रसंचालकाकडेही नव्हे, शेजारी बसलेल्या प्रतिस्पर्ध्यापुढे धरतो. तो वाकून वाचतो, मान हलवतो. आठ-आठ गुण मांडले जातात आणि नव्या पाट्या लागू लागतात.